शेवटचं मशीन

कुलपं बनवणाऱ्या त्या कंपनीत तळघरातल्या खोलीचा कारभार काका बघत. ते नात्याने कोणाचेच काका नव्हते. पण वर्षानुवर्षं तळघरात राहिलेल्या माणसाला नावाने हाक मारायचं धाडस होत नाही. त्या खोलीत एके काळी मशीनांच्या रांगा होत्या. ऑर्डरी, पगार, टपाल, सगळं तिथून चाले. मग क्लाउड आला. मशीनं एकेक करून बंद झाली, त्यांचं काम दूर कुठल्या तरी गोदामातल्या मशीनांकडे गेलं, आणि त्या गोदामाला सगळे आदराने ढग म्हणू लागले.

काकांना ढगाबद्दल तक्रार नव्हती. उलट, ते त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. वारलेल्या मोठ्या मालकांनी त्यांना शब्द दिला होता, "शेवटचं मशीन बंद केलंत की तुम्ही मोकळे. तोवर मला सोडून जायचं नाही." मोठे मालक स्वतःच आधी सोडून गेले, शब्द मात्र राहिला, आणि धाकट्या मालकांनी तो वडिलोपार्जित मालमत्तेसारखा सांभाळला.

आज ते शेवटचं मशीन बंद व्हायचं होतं. काका-काकूंनी घर रिकामं करून किल्ली घरमालकाच्या हातात ठेवली होती. लांबच्या गावी मुलगी बाळंत व्हायची होती. संध्याकाळच्या गाडीने दोघं तिच्याकडे निघणार होती, ती कायमचीच. काकू सामानासकट टॅक्सीत बसून कंपनीच्या दारापाशी येत होत्या.

शेवटच्या मशीनला सगळे म्हातारबा म्हणत. ते काय काम करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. क्लाउडवाल्या मॅडमनी ढगातल्या कृत्रिम बुद्धीला विचारलं, तर ती म्हणाली, "हे मशीन काहीही करत नाही." मॅडम म्हणाल्या, "बघा, एवढ्या वर्षांत कोणाला कळलं नाही!" काकाही हसले. मग रोजच्यासारखा म्हातारबांच्या छातीवरच्या काचेला त्यांनी अंगठा टेकवला. सकाळी आल्या आल्या हा अंगठा टेकवायची त्यांना सवय होती. का, ते आता त्यांनाही आठवत नव्हतं. घरातून निघताना देवाला हात जोडावा, तसं ते झालं होतं.

वर काचेच्या सभागृहात धाकटे मालक परदेशी पाहुण्यांना कंपनीची स्मार्ट कुलपं दाखवत होते. या कुलपांना किल्ली नाही. अंगठा लावला की कुलूप विचारतं, हा कोण? ओळख पटली तरच उघडतं. आत जाताना पटायला हवी आणि बाहेर येतानाही. या पद्धतीचं नाव होतं शून्य विश्वास. "जगाचा आता हाच ट्रेंड आहे," मॅडम सांगत होत्या. "कोणावरही विश्वास ठेवायचा नाही." नमुना म्हणून कंपनीच्या प्रत्येक दाराला हीच कुलपं होती. तळघराच्या दारालाही.

वरून खूण आली. भिंतीवरच्या पडद्यावर बंद झालेल्या मशीनांचे ठिपके हिरवे होते; म्हातारबांचा तेवढा लाल उरला होता. काकांनी बटण दाबून धरलं. म्हातारबांनी एक लांब सुस्कारा टाकला, पंखे थांबले. ठिपका हिरवा झाला. वर टाळ्या वाजल्या असाव्यात. तळघरात काही ऐकू आलं नाही.

काकांनी डबा पिशवीत टाकला, दिवा मालवला आणि दाराला अंगठा लावला.

"ओळख पटत नाही," दार म्हणालं.

त्यांनी अंगठा सदऱ्याला पुसला.

"ओळख पटत नाही."

डावा अंगठा. मग तर्जनी. मग रागाने कोपर.

"ओळख पटत नाही. कृपया परिचिताशी संपर्क साधा."

दाराशेजारी आपत्कालीन बटण होतं. पण तेही गेल्या वर्षी स्मार्ट झालं होतं. म्हणजे दाबलं की तेही आधी विचारायचं, दाबणारा कोण? काकांचा मोबाईल तळघरात चालत नसे. भिंतीवर तारेचा एक जुना फोन होता. नव्या नकाशात तो कोणाला दिसलाच नव्हता, म्हणून अजून जिवंत होता. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. तिथेही आता कृत्रिम बुद्धीच होती. आवाज मात्र एखाद्या लाघवी भाचीचा.

"नमस्कार! मी आपली काय मदत करू?"

"मी तळघरात अडकलोय. दार उघडत नाही."

"हे ऐकून मला वाईट वाटलं. आपण दाराच्या आत आहात की बाहेर?"

"आत! बाहेर असतो तर कशाला फोन केला असता?"

"छान. कृपया बाहेर येऊन दारावरचा क्रमांक वाचून दाखवा."

काकांनी डोळे मिटून घेतले. "अगं बाई माझे, बाहेर येता आलं असतं तर..."

"आपली तक्रार सोडवली गेली आहे. मला किती तारे द्याल?"

काकांनी फोन ठेवला आणि काकूंना लावला.

"अहो, कुठे आहात?" काकू कडाडल्या. "हे दार मला आत घेत नाही, आणि आतल्यांना बाहेर सोडत नाही! तुमचे धाकटे मालक काचेच्या खोलीत आहेत. पाहुणे काचा बडवतायत. मालक हसून त्यांना काहीतरी सांगतायत, पण घाम केवढा आलाय त्यांना!"

"म्हणजे सगळीच दारं?"

"सगळीच! लोक काचेला नाक लावून उभे आहेत, मत्स्यालयातल्या माशांसारखे. तुम्ही काय केलंत?"

"मी कशाला काय करतोय?"

"ते मला नका सांगू. घरातला फ्यूज उडाला की पहिल्यांदा तुम्हीच 'मी काही केलं नाही' म्हणता."

फोन हातात धरून काकांनी अंधारात म्हातारबांकडे पाहिलं. आणि एकदम आठवलं.

स्मार्ट कुलपं नवी आली, तेव्हा सगळ्यांचे अंगठे ठेवायला ढगात जागा तयार नव्हती. काका म्हणाले होते, "दोन दिवस म्हातारबांकडे ठेवू. तात्पुरतं." मोठे मालक हुशार, म्हणाले होते, "एकाच माणसाच्या हातात ठेवू नका. राखणदार दोन, तुम्ही आणि मी. रोज सकाळी दोघांपैकी एकाचा अंगठा लागला, तरच दारं चालतील. आणि राखणदार बदलायचा, किंवा अंगठे दुसरीकडे न्यायचे, तर दोघांचेही लागतील." दोन दिवस झाले. मग दुसरं काम आलं, मग तिसरं. या धंद्यात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. ढगातल्या कृत्रिम बुद्धीला म्हातारबा दिवसभर निवांत दिसले, कारण ओळख पटवणं हे काम क्षणाचं असतं.

"अहो! ऐकताय ना? गाडीची वेळ होत आलीय."

"अगं, मशीन पुन्हा चालू केलं तर दारं उघडतील."

"मग करा की!"

"पण मशीन चालू असेपर्यंत मी मोकळा नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "आणि बंद असेपर्यंत?"

"तेव्हाही नाही."

म्हातारबांच्या बटणावर बोट ठेवून काका उभे राहिले. भिंतीवरचा ठिपका अजून हिरवागार होता. आयुष्यभर वाट पाहिलेला रंग. वर कोणीतरी टाच आपटत होतं. छतातून माती पडली. काकांनी बटण दाबलं.

म्हातारबा उठायला वेळ घेत. घसा खाकरल्यासारखे पंखे फिरले, दिवे डोळे चोळत लागले. ठिपका लाल झाला. काकांनी त्यांच्या काचेवर अंगठा टेकवला, मग दाराला लावला.

"ओळख पटली," दार म्हणालं. "या."

वर पोचले तेव्हा सभागृह उघडलं होतं. धाकटे मालक रुमालाने मान पुसत पाहुण्यांना सांगत होते, "आता तुम्हीच सांगा, असं कुलूप पाहिलंय कुठे? मालकालासुद्धा सोडत नाही!" पाहुणे खूश होते. त्यांना तुरुंगांसाठीच हवं होतं.

पाहुणे निघून गेल्यावर काकांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या तात्पुरत्यासकट. धाकटे मालक ऐकत राहिले. मॅडमनी विचारलं, "म्हणजे मोठ्या मालकांचा अंगठा मिळाल्याशिवाय यातलं काही हलवता येणार नाही?"

"ते आता जिथे आहेत, तिथे अंगठा लागत नाही," काका म्हणाले. "साधी कुलपं बसवा. आपल्याच गोदामात पडलीत. मी आत्ता बसवून देतो."

"काका!" धाकटे मालक कळवळले. "आत्ताच एवढी ऑर्डर मिळालीय. आणि आपल्याच दाराला साधं कुलूप? लोक काय म्हणतील?"

मॅडमचा चेहरा उजळला. "एक करू. थोडं ढगात, थोडं तळघरात. याला हायब्रिड म्हणतात. सगळं ढगात न्यायचं, हे जुनं झालं. नवा ट्रेंड हाच आहे!"

"ऐकलंत काका? तुम्ही आता हायब्रिडचे प्रमुख. आम्ही काही मार्ग काढेपर्यंत. तात्पुरतं."

काका थेट मुख्य दाराशी गेले. काचेपलीकडे टॅक्सी, टॅक्सीपुढे काकू, हातात काकांची शाल. अंगठा लावताच दार लगेच उघडलं. बाहेरची हवा तोंडावर आली.

"चला," काकू म्हणाल्या. "बसा."

काकांनी एक पाऊल उंबऱ्याबाहेर टाकलं. शेजारून रात्रपाळीची माणसं आत शिरत होती. हसत, एकमेकांना ढकलत, आतल्या दाराला अंगठे लावत. पॅकिंगमधली एक बाई जाता जाता म्हणाली, "काका, उद्या भेटू हं!" सकाळी काचेवर अंगठा टेकला नाही, तर ही सगळी आतच राहणार होती.

दार बीप करू लागलं. "दार उघडं आहे. कृपया आत या किंवा बाहेर जा."

"अहो, काय झालं?"

"अगं, सकाळी जर मी नसलो ना..."

"कृपया आत या किंवा बाहेर जा."

काकूंनी त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. माणूस ओळखायला त्यांना अंगठा लागत नसे.

"किती दिवस म्हणाले?"

काकांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात उच्चारला. काकूंना तो बरोबर ऐकू आला. त्यांनी शाल काकांच्या खांद्यावर टाकली; तळघरात गार असतं. डिकीतून त्यांची बॅग काढून उंबऱ्याच्या आत ठेवली.

"बाळाचा फोटो पाठवीन. त्या तारेच्या फोनवर दिसतो का हो?"

"नाही."

"मग वर येऊन बघत जा."

त्या टॅक्सीत बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "पाय आत घ्या आता. ते बीप डोकं खातंय."

काकांनी पाय आत घेतला.

"धन्यवाद," दार म्हणालं.