पॅनेलचा कौल

आमच्या उपकेंद्रातल्या सेमिनार रूममध्ये कोणी चपला घालून जात नाही. हा नियम विद्यापीठाचा नाही, महिपतचा आहे. महिपत आमचा शिपाई, म्हसा गावचा. खोलीत सामान बसलं त्या दिवशी तो आत गेला, सगळं पाहिलं, बाहेर आला, चपला काढल्या आणि पुन्हा आत गेला. मग आम्ही प्राध्यापकांनीही काढल्या. भिंतभर काचेचं पॅनेल, बोट लावलं की लिहिणारं. छतात माइक, कोपऱ्यात कुजबुजलं तरी ऐकणारा. आणि जो बोलेल त्याच्याकडे आपणहून मान वळवणारा कॅमेरा. इतकी लक्षणं जुळल्यावर आत चपला घालून जायची छाती कोणाची?

आठ महिने त्या खोलीचा वापर झाला नाही, दर्शन झालं. शहापुरातून पाहुणे येत, महिपत कुलूप काढी, पाहुणे हात मागे बांधून बघत आणि जात. वापराच्या रजिस्टरमध्ये ‘वापराचे कारण’ या रकान्यात आठ महिने एकच शब्द होता : पाहणी.

पहिला खरा वापर हर्षालीच्या सेमिनारसाठी ठरला. हर्षाली माझी एम.ए.ची विद्यार्थिनी, वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीतली. विषय ‘कौल मागतानाची भाषा’. तिच्या वाडीत अडलं-नडलं की देवाच्या उजव्या-डाव्या बाजूला तांदळाचे ओले दाणे चिकटवतात आणि देवाशी बोलतात. आधी उजवा दाणा पडला तर होकार. हे बोलणं तिची आत्या बाळी करते. तीन वर्षं हर्षालीने ते वहीत उतरवून घेतलं होतं, आणि पुण्याच्या परीक्षक बाईंनी तिच्या प्रबंधावर एका ओळीत शेरा मारला होता : ‘ध्वनिमुद्रण नाही, ही वाक्ये विद्यार्थिनीची कल्पना नव्हेत कशावरून?’ आज त्या ऑनलाइन ऐकणार होत्या. पटलं तर संशोधनाची जागा, नाही तर वर्ष गेलं.

ध्वनिमुद्रण नव्हतं, कारण बाळी मोबाइलसमोर तोंड उघडत नसे. “देवाशी बोलायचं ते देव नसताना कसं बोलू? खोटं लागतं,” एवढंच उत्तर. तरीही हर्षालीने तिला आणली होती. निदान आत्या कल्पनेतली नाही, एवढं तरी दाखवता यावं.

बाळी दारात थांबली, चपलांची रांग पाहिली आणि काही न विचारता आपल्याही काढल्या. आत आली, पॅनेलकडे बघत राहिली.

पहिला वापर म्हणून महिपतने कसूर ठेवली नव्हती. पॅनेलच्या चौकटीला हळदकुंकू, आणि वरून झेंडूचा जाडजूड हार, दोन्ही बाजूंनी काचेवर लोंबलेला.

परीक्षक बाई काचेवर उगवल्या. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला. हर्षालीने “नमस्कार” म्हटलं आणि पॅनेलच्या अंगात आलं. पहिली स्लाइड गेली, सातवी आली, चौथी आली. बाईंचं नाक खिडकीएवढं झालं. काचेवर निळ्या रेघा आपोआप उमटू लागल्या. महिपतने हात जोडले. मी ठाण्याच्या तंत्रज्ञाला फोन लावला.

“सर, बंद करून चालू करा,” तो म्हणाला.

केलं. पॅनेल दुप्पट जोमाने घुमू लागलं.

“दहा मिनिटं थांबते,” बाई म्हणाल्या. “नंतर मला ‘सादरीकरण झाले नाही’ असं लिहावं लागेल.”

हर्षाली मात्र पंख्याकडे बघत होती. “सर, वाऱ्याने हार हलला की हे उडतं. फुलं म्हणजे त्याला बोटं वाटतायत. हार काढायला हवा.”

“आज घातलेला हार?” महिपत आडवा आला. “सांजेच्या आत उतरवीत नाय. काय झालं तर सरांनी सही द्यावी.”

कशावर सही द्यायची, ते मला कळेना. सात मिनिटं उरली.

“मग विचारा की त्यालाच,” बाळी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली, आणि कॅमेऱ्याने तिच्याकडे मान वळवली. माझ्याकडे त्याने अजून एकदाही पाहिलं नव्हतं.

महिपतच्या पूजेच्या ताटात तांदूळ होते. बाळीने दोन दाणे ओले केले, चौकटीच्या वरच्या पट्टीवर उजवीकडे-डावीकडे चिकटवले.

“उजवा म्हणजे आपला की पॅनेलचा?” मी विचारलं. शंका काढणं हा माझा पेशा आहे.

“देवाचा,” महिपत म्हणाला. “तुमचा कोन विचारतो, सर?”

बाळीने पदर डोक्यावर घेतला.

“बाबा, तुजं नाव मला ठाव नाय. तू कंचा, कुटनं आला, मला ठाव नाय. पन तू आयकतो. मी बोलले तवा तू मान वळवली, मी बघितली. ही पोर माज्या भावाची. वरसां झाली, अंधारात घाट उतरते, दोन एसट्या बदलते. आज तिचं बोलनं आयकून घे. हार काढतो, त्याचा राग धरू नको. सांजचा दुना घालू, एकाचे दोन हार. तुज्या मनात आसंल तर उजवा दे, नसंल तर तसं सांग, आमी रडनार नाय. पन गप बसू नको, बाबा. गप बसू नको.”

आवाज मोठा नव्हता. तरी छतातल्या माइकने त्यातला श्वाससुद्धा सोडला नसावा. कॅमेरा इतका हळू खाली झुकला की मी पंखा बंद करायला उठलो होतो तो मधेच उभा राहिलो. पंख्याचं काय करायचं ते विसरलो. पस्तीस वर्षं भाषा शिकवून भाषा समोर आल्यावर मला एवढंच करता आलं.

दाणा पडला. बाळीच्या डावीकडचा, म्हणजे पॅनेलचा उजवा.

महिपतने स्वतः हार उतरवला. पॅनेल क्षणात शांत झालं. पहिली स्लाइड जागेवर येऊन उभी राहिली.

काचेवर परीक्षक बाई चष्मा पुसत होत्या. “हर्षाली, पान बारावर तुम्ही लिहिलंय, कौल मागणारी शेवटचं वाक्य दोनदा म्हणते. मी त्याखाली लाल रेघ मारली होती.”

“हो, मॅडम.”

“ती रेघ खोडते. आता त्या का दोनदा म्हणतात, ते सांगा.”

हर्षाली चाळीस मिनिटं बोलली. कॅमेऱ्याने तिच्यावरची नजर काढली नाही. शेवटी बाई म्हणाल्या, “जागा तुमची. पण हे रेकॉर्डिंग ठेवायला त्यांची परवानगी घ्या.”

हर्षालीने आत्याला समजावून सांगितलं. बाळीने लाल ठिपक्याकडे पाहिलं. “त्यालाच सांगितलंय ना? मग राहू दे त्याच्यापाशी. तुला लागंल तवा त्याला विचार गो.”

संध्याकाळी, बाळीने कबूल केल्याप्रमाणे, महिपतने दोन हार आणले. हर्षालीने त्याला बजावलं होतं, म्हणून ते पॅनेलखालच्या टेबलावर ठेवले. मग त्याने रजिस्टर पुढे केलं. ‘वापराचे कारण’ हा रकाना त्याने आधीच भरला होता. मी फक्त सही केली.

‘कौल. उजवा.’