विकलेला शोध

"छापू नको हां, अजून तपासूचा आसा," असं सुदेश खोबरेकरने लवूला बजावून सांगितलं होतं. लवू परब त्याचा शाळेपासूनचा मित्र. जवळच्या कट्टा गावात राहायचा आणि जिल्ह्याच्या एका पेपरात मालवणच्या बातम्या द्यायचा. त्याने मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात पहिल्या पानावर बातमी आली: 'मालवणच्या प्राध्यापकाने समुद्राच्या पाण्यातून काढली वीज!'

समुद्राचा त्यात काही संबंध नव्हता. सुदेश मालवणातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. सूर्यामध्ये अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून प्रचंड उष्णता निघते. तेच टेबलावरच्या बरणीत, साध्या तापमानाला घडवता येतं, असा दावा परदेशात पूर्वी झाला होता आणि बहुतेकांनी तो फेटाळलाही होता. सुदेशच्या डोक्यातून मात्र तो जात नव्हता. पुण्याच्या एका मित्राकडून त्याने पॅलेडियम धातूची तार आणि थोडं जड पाणी मिळवलं, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बरणी मांडली आणि बॅटरीने तिच्यात वीज सोडली. आत जात होती त्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते आहे, असं आकडे सांगू लागले. त्या आनंदात त्याने लवूला बोलावून बरणी दाखवली, एवढंच.

ते साल २००७. भारनियमनाने माणसं पिसाळली होती. बर्फाचे कारखाने अर्धा दिवस बंद, धक्क्यावर उतरलेली मासळी दुपारपर्यंत नरम पडायची आणि व्यापारी पडेल भाव द्यायचे. अशात ही बातमी आली. लोक कॉलेजात येऊ लागले. कुणी बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं, आमच्या बाजूचं पाणी जास्त खारट आहे, ते चालेल का म्हणून. देवगडचा एक आंबेवाला कलमांना पंप लावायचा म्हणून नाव नोंदवायला आला. आदल्या वर्षी ज्यांनी सुदेशला साधं कपाट नाकारलं होतं, त्या प्राचार्यांनी प्रयोगशाळेच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लावली.

सुदेशची आई चंद्रावती मासळी बाजारात कोळंबी विकायला बसायची. तिच्या मासळीच्या पाटीभोवती आता गर्दी व्हायची.

"माका त्यातला काय कळणा नाय," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण माझो झील कधी खोटा बोलूचो नाय."

वडील दाजी गुडघ्यांमुळे होडीवर जायचे बंद झाले होते. ते दिवसभर धक्क्यावर बसून लोकांना बरणीचं वर्णन ऐकवायचे. त्यांनी बरणी पाहिलेली नव्हती.

गावकऱ्यांनी सत्कार ठरवला. त्याच्या आदल्या आठवड्यात सुदेशच्या लक्षात आलं, की बरणीतलं पाणी जेवढं कमी व्हायला हवं तेवढं होत नाही. विजेने पाण्यातून दोन वायू सुटतात आणि ते बाहेर निघून जातात, असं त्याने हिशेबात धरलं होतं. ते सगळे बाहेर जात नव्हतेच. बरणीतच परत एक होऊन त्यांचं पाणी होत होतं, आणि जास्तीची वाटणारी उष्णता त्यातूनच येत होती. त्याने नळी लावून वायू मोजले आणि पुन्हा हिशेब केला. जास्तीचं काही उरलं नाही. तो स्टुलावर बसून राहिला.

त्याने जाऊन सांगितलं तेव्हा प्राचार्य म्हणाले, "सत्कार होऊन जाऊ दे. मग सावकाश काय ते सांगा. कॉलेजची अब्रू आहे."

सुदेश ऐकून घेऊन निघाला. सत्काराच्या दिवशी मैदान भरलं होतं. शाल, श्रीफळ, तीन भाषणं झाली. मग तो माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "माझी मोजण्यात चूक झाली. त्या बरणीतून वीज मिळणार नाही. मी तुमची माफी मागतो." आणि चूक कशी झाली तेही त्याने सोप्या शब्दांत सांगितलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "कोणाक इकलंस रे?"

हशा पिकला नाही. उलट तो प्रश्न मैदानभर झाला. वीज कंपनीला विकला, तेलवाल्यांना विकला, गोव्याहून गाडी आली होती, आम्ही बघितली. त्याच्या खांद्यावरची शाल कुणी काढून घेतली ते त्याला कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी लवूची बातमी होती: 'शोध दाबला? कोणाच्या दबावाखाली?'

सुदेश त्याच्या घरी गेला. "लवू, तुका म्हायती आसा ह्या खोटा आसा."

"माका काय म्हायती, माका काय नाय," लवू नजर चुकवत म्हणाला. "लोकांका ह्याच वाचूचा आसा. तू चुकलंस ह्या कोण वाचतलो?"

बाजारात चंद्रावतीची पाटी भरलेलीच राहू लागली. शेजारच्या बायका तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. एक दिवस एकीने तोंडावरच विचारलं, "चंद्रावती गो, आता तुका सुंगटा इकूची गरज काय? झिलान बंगलो बांधूक घेतल्यान मा?" ती पाटी उचलून घरी आली आणि परत बाजारात बसली नाही.

दाजी मात्र शांत होते. सुदेशला वाटायचं, निदान बाबांना कळलं आहे. एका संध्याकाळी ते पडवीत त्याच्याजवळ सरकून बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "लोकांका काय सांगूचा ता सांग. माका तरी खरा सांग. कोणाक दिलंस?"

"बाबा, खराच सांगलंय. चुकलंय मी."

"एवढो शिकलेलो माणूस चुकता? आणि चुकलो तर भर मैदानात उभो रवान सांगता?" दाजी त्याच्याकडे बघत राहिले. "बापाकपण सांगणस नाय."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. दुसराही कुठला काढला नाही.

जूनमध्ये संस्थेने सुदेशची बदली वैभववाडीच्या कॉलेजात केली. प्राचार्यांनी निरोपाला चहाही ठेवला नाही. दारावरची पाटी त्याआधीच गेली होती.

वैभववाडीत त्याला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं. स्टेशनच्या वाटेवरच्या हॉटेलात तो रोज चहाला जाऊ लागला. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी हॉटेलवाल्याने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही मालवणचे ते वीजवाले सर मा? पेपरात फोटो बघितललंय."

हॉटेलवाल्याने स्वतः चहा आणून समोर ठेवला, वर न मागता भजीची बशी ठेवली, आणि पैसे घ्यायला नकार दिला.

"बरा केलात सर," तो कौतुकाने म्हणाला. "ह्या लोकांसाठी मरान काय गावता? मी असतंय तर मीपण इकलं असतंय."

तसं काही नाही, हे सांगायला सुदेशने तोंड उघडलं. सुरुवात कुठून करायची, बरणीपासून की वायूंपासून, याचा विचार केला. हॉटेलवाला आदराने उभा होता. इतक्या दिवसांत त्याच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याने चहा प्यायला, भजी खाल्ली आणि कॉलेजात गेला.