आपत्ती नाही

हवालदार मारुतराव भूकंपात गेले, असं कागद म्हणत होता. कागदाला काय, तो म्हणेल ते खरं! काश्मीरच्या त्या भूकंपात मारुतराव ढिगाऱ्याखालून गावकरी उपसून काढत होते, आणि सीमेवरच्या पडलेल्या कुंपणातून अतिरेकी आत घुसले. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात. धरणी फाटली तरी ह्यांची सुगीच. त्यांनी पाठीत गोळी घातली, मग भिंत कोसळली. नाईक दीनानाथ शेजारीच होता. रजेवर दिल्ली कॅंटला, मारुतरावांच्या घरी आल्यावर त्याने त्यांच्या बायकोला, शेवंताला सांगितलं, "वहिनी, आधी गोळी, भिंत नंतर. चौकशीत नैसर्गिक आपत्ती म्हणाले, तर अजिबात कबूल व्हायचं नाही."

शेवंताला दुसरं काहीच नको होतं. पलटणीच्या स्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं कोरायची होती, त्यांत नवऱ्याचं हवं होतं. भूकंपात मेलेल्याला त्या दगडावर जागा नव्हती.

चौकशीच्या दिवसापर्यंत दीनानाथची रजा संपली. शेवंता एकटीच गेली. साताऱ्याकडची बाई, हिंदी भाजीवाल्यापुरतं. साहेबांनी कागद भराभर वाचला आणि मान वर केली. "आपको कोई आपत्ति?"

हाच तो शब्द! शेवंता पदर खोचून ताठ उभी राहिली. "नहीं साब. आपत्ति नहीं. बिल्कुल नहीं!"

"अच्छा!" साहेबांना हायसं वाटलं. बायका इथे रडतात, भांडतात. ही शहाणी निघाली.

"वो गोली..."

"हाँ हाँ, सब लिखा है. यहाँ साइन कीजिए."

साहेबासमोर जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला होता. बऱ्याच दिवसांनी त्या दुपारी तिला जेवण गेलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ते मुलीने, अरुणाने वाचलं. नववीतली पोर, शाळा दिल्लीची, मराठी घरापुरतं. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"आई, तू त्यांना आपत्ति नाही म्हणालीस?"

"चांगलं ठणकावून!"

"अगं, लिहिलंय, मृत्यू भूकंपाने, पत्नीला आपत्ति नाही, केस बंद. आपत्ति म्हणजे ऑब्जेक्शन, आई!"

"काहीतरीच. आपत्ती म्हणजे संकट. पूर, भूकंप..."

"असं कुठे असतं?" असला अर्थ अरुणाने कधी ऐकलाच नव्हता. पत्र घडी करून तिने आईकडे पाहिलं.

"मग खरं सांग ना. बाबांवर भिंतच पडली होती ना?"