चंद्राबायचा चिखल

मार्गशीर्षातल्या सकाळी ओहोटीचं पाणी मनोरीच्या खाडीतून पार मागे सरलं, की उघड्या चिखलावर एक मृदू, रुपेरी उजेड पसरायचा, आणि त्या उजेडात संथ पावलांनी चालणारी चंद्राबाय मला धक्क्यावरूनच ओळखू यायची. तिची नजर चिखलाकडे नसायचीच. समोर क्षितिजाकडे पाहत, पायाच्या अंगठ्याने चिखल चाचपत ती पुढे सरकायची. अंगठा थबकला की ती वाकायची, आणि चिखलातले शिंपले, मूठभर शिवल्या, टोपलीत पडायच्या.

मी मालाडहून मार्व्याच्या बोटीने रोज गावच्या शाळेत शिकवायला जायचे. कोळीवाड्यातली ही बाई वयाने माझ्या आईएवढी, तरी मला ‘बाय’ म्हणायची आणि माझ्या शहरी नाजूकपणाची यथेच्छ थट्टा करायची. “चिखलाला नाक मुरडतंस, नि शिवल्यांचं कालवन बरं भुरकतंस गो!” असं म्हणून ती हसली, की तिच्या अंबाड्यातली अबोलीही हलायची. मला ती फार आवडायची.

तो चिखल कुणाच्याच मालकीचा नव्हता, म्हणून वाड्यातल्या सगळ्या बायकांचा होता. घरातला पुरुष समुद्रावर असो, आजारी असो वा जगात नसो, ओहोटी लागली की तिथे चुलीपुरतं मिळायचंच. मग खाडीच्या वरच्या अंगाला राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ लागले. मोकळी दिसणारी जागा या शहराला पाहवत नाही. दगडविटांचा ढीग दर महिन्याला चिखलाकडे सरकत होता, आणि अर्ज करून बायका थकल्या होत्या. तेव्हा चंद्राबायने देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना जमवून सांगितलं, चिखलात कांदळ लावू या. खारफुटीचं झाड उभं राहिलं की कायदा त्याच्या पाठीशी येतो, मग तिथे भराव टाकायची कुणाची छाती होत नाही. कुणी तरी शंका काढली, शिवल्यांचं काय? “झारांच्या सावलीत सुखानं ऱ्हातील त्या,” चंद्राबाय म्हणाली.

बायकांनी स्वतः शेंगा वेचल्या, स्वतः रोवल्या, भरतीने उपटलेल्या पुन्हा लावल्या. कांदळ रुजलं. डंपर थांबले. त्या हिवाळ्यात वाड्यावर असा आनंद होता, की मीही शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन चिखलात उतरले.

झाडं मोठी झाली तसा त्यांच्या मुळांशी गाळ साचत गेला, चिखल उंचावला, घट्ट झाला. शिवल्या आधी लहान मिळू लागल्या, मग कमी, मग मिळेनाशाच झाल्या. त्याच सुमारास लांबलांबून माणसं हे रान पाहायला येऊ लागली, चंद्राबायला शाल-नारळ मिळाला. टाळ्या वाजत असताना ती मान खाली घालून बसली होती. आम्हाला वाटलं, लाजली.

एका दुपारी मी तिच्या ओट्यावर बसले असताना तिची धाकटी जाऊ काशी खाडीवरून आली आणि तिने रिकामी टोपली तिच्यापुढे आदळली. “मूठभर बी नाय गवसलं. आता शिजव तुजी झारां!”

चंद्राबाय रागावली नाही. “शिजवली असती गो,” एवढंच म्हणाली.

फांदीलाही हात लावायची आता मनाई होती. जो कायदा तिने राखणीला बोलावला, त्यानेच तिला बाहेर ठेवलं. काशी आणि बाकीच्या पहाटे मालाडच्या बाजारातून मासळी आणून विकू लागल्या. चंद्राबाय खाडीवर जायची थांबली. बोलता बोलता तिच्या पायाचा अंगठा ओट्याच्या लादीवर हळूहळू फिरत असायचा. एकदा न राहवून मी विचारलं, “झाडं लावायलाच नको होती असं वाटतं का?”

“नसती लावली, तर भराव आला असता. लावली, तर रान आलं. माजा चिखल दोनीकरून गेला, बाय.”

गेल्या श्रावणात ती गेली. झोपेत गेली, शांतपणे, असं सगळे सांगतात; मला तो शांतपणा खरा वाटत नाही.

आता संध्याकाळी परतीच्या बोटीची वाट पाहताना समोर ते दाट, हिरवं कांदळवन दिसतं, बगळ्यांनी पांढरं झालेलं. बोटीतले लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढतात, आणि काढावेत असंच ते सुंदर आहे. माणूस गेलं की त्याची जागा तरी मागे उरते, तिथे जाऊन घटकाभर बसता येतं. चंद्राबायची जागा तिच्या आधीच गेली, आणि काळाने त्या जागेवर इतकं देखणं रान उभं केलं आहे, की तिच्यासाठी रडायला नेमकं कुठे उभं राहावं, ते मला अजून कळलेलं नाही.