ग्रोटिंडवरचं धुकं

डोंगर माणसाला त्याची खरी जागा दाखवून देतो, असं उत्तर नॉर्वेत गंभीर चेहऱ्याने सांगितलं जातं. ओडमुंडची खरी जागा त्या जुलैत, दुपारी दोन वाजता, जमिनीपासून शंभर मीटर उंचावरची दीड फूट रुंद खडकाची पायरी ही होती, आणि त्याच्या डाव्या नाकपुडीत एक चिलट होतं. उजवीतली मोजायचं त्याने सोडून दिलं होतं.

हात मोकळे असते तर गोष्ट वेगळी होती. पण दोन्ही हातांत दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, दहा-बारा मीटर वर, त्याची बायको गुनवोर. वरचा घसरला तर खालच्याने दोर आवळून धरायचा; तो आवळणारा उजवा हात काही झालं तरी सोडायचा नाही. हा नियम ज्याने केला त्याने तो बहुधा हिवाळ्यात केला असावा.

ग्रोटिंडच्या सुळक्यावर ही त्याची तिसरी खेप. पहिल्या वेळी गुडघा आडवा आला, दुसऱ्या वेळी पाऊस. आता शनिवारी मेहुणा आयलर्ट साठीचा होणार होता आणि जेवणाच्या वेळी भाषण करायचं होतं ओडमुंडने. गेली सव्वीस वर्षं दर नाताळला, भाजलेल्या डुकराच्या बरगड्यांचं ताट फिरून झालं की आयलर्ट ग्रोटिंडच्या माथ्यावर बसून खाल्लेल्या पाव आणि तपकिरी चीजची हकिगत सांगायचा. शेवटी ओडमुंडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "अवघड काही नाही रे. धीर लागतो, बस." हे वाक्य सत्ताविसाव्यांदा ऐकायचं नाही, एवढ्या एका कारणासाठी बावन्न वर्षांचा माणूस त्या पायरीवर उभा होता.

वारा असता तर चिलटं उडून गेली असती. पण आठवडाभर पान हललं नव्हतं. दूरदर्शनवरची बाई रोज संध्याकाळी हसून सांगत होती की उद्याही असंच सुंदर ऊन पडणार. साऱ्या देशात तिला शिव्या घालणारं घर बहुधा हे एकच असावं.

उपाय सगळे करून झाले होते. सासऱ्यांच्या बाटलीतलं पाइनच्या डांबराचं तेल चोपडलं होतं. होडीला लावतात तेच. त्याने चिलटं पळाली नाहीत, चिकटली. मग नवी आलेली तेलात अडकलेल्यांच्या पाठीवर उतरू लागली. शिरस्त्राणावरून जाळी ओढली, तर दहा मिनिटांत जाळीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त झाली, आणि आतल्यांना बाहेर जायची घाई नव्हती. कानामागे, पापण्यांवर, बाहीच्या काठाखाली आग पेटली होती. मानेवर तर कोणी तापलेलं मीठ चोळत होतं. ओडमुंडने आधी खडकावर गाल घासला, मग कपाळ. मग त्याला जाणवलं की आपण हळूहळू डोकं आपटतो आहोत.

"गुनवोर," तो वर बघून म्हणाला, "जरा लवकर होईल का?"

"दोन्ही हात फटीत आहेत माझे," वरून आवाज आला. "तोंडाने मारतेय."

"तोंडाने कशी?"

"खातेय."

एक मिनिट गेलं असेल. मग एक चिलट त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात, अगदी आत, शिरलं आणि चावलं. ओडमुंडचा उजवा हात त्याला न विचारता दोर सोडून वर गेला आणि फाडकन डोळ्यावर बसला.

गुनवोर नेमकी तेव्हाच घसरली.

दोर सरसरत धावला. ओडमुंडने झडप घालून तो पकडला; तळहाताची साल निघाली, पण दोर थांबला. त्याच्या डोक्यावर दोन मीटरवर गुनवोर लटकत होती.

"हात सोडलास?" तिने विचारलं.

"एक क्षणभर."

"किती मेली?"

"तीन. चार असतील."

"बरं झालं. निदान फुकट नाही पडले मी."

ओडमुंडला रडू आलं. अश्रूंवर आणखी चिलटं आली.

"अगं, दोनच टप्पे राहिलेत," तो म्हणाला. "पुढे मी चढतो. शनिवार जवळ आलाय, गुनवोर. मी काय सांगू त्याला?"

"माझा एक डोळा मिटलाय. दुसऱ्याने तू दिसतोयस, आणि जे दिसतंय ते काही बरं नाही. खाली चल."

तासाभरात ते दोर टाकत उतरले, धावत पायथ्याच्या झोपडीत शिरले आणि दार लावून खिडक्यांच्या फटीत मोजे कोंबले. भिंतीवर पाटी होती : परत फिरण्यात लाज नाही. पाटीखाली नोंदवही होती, आणि तिच्यात एक रकाना होता : परत फिरण्याचं कारण.

"खरं काय ते लिही," गुनवोर डोळ्यावर ओला फडका धरून म्हणाली.

"चिलटं? या वहीत? तीस वर्षांनी कोणीतरी वाचेल."

काय लिहितात ते बघावं म्हणून त्याने मागची पानं उलटली. जुलै : धुकं. जुलै : धुकं. ऑगस्ट : खडक ओला. जुलै : धुकं, दाट. मग फळीवरच्या जुन्या वह्या काढल्या. वारा सुटेपर्यंत दुसरं काम नव्हतं. तिसऱ्या वहीत, सव्वीस वर्षांपूर्वीच्या जुलैत, त्याला ओळखीचं ऐसपैस अक्षर दिसलं. आयलर्ट. दुसऱ्या टप्प्यावरून परत. धुकं. ओळीच्या शेवटी, पूर्णविराम असतो त्या जागी, एक चपटं झालेलं चिलट होतं.

"आयलर्ट इथे किती वेळा आला होता?" ओडमुंडने विचारलं.

"एकदाच. का रे?"

त्याने वही तिच्या चांगल्या डोळ्यासमोर धरली. गुनवोरने ती ओळ दोनदा वाचली.

"मग ते चीज कुठे खाल्लं त्याने?" ती म्हणाली.

ओडमुंडने वही बंद करून जागेवर ठेवली. नव्या वहीत तारीख घातली, नावं घातली, आणि रकान्यात एक शब्द लिहिला.

शनिवारी आयलर्टने दार उघडलं. ओडमुंडचा चेहरा भिजवलेल्या पावासारखा फुगला होता; एक डोळा अजून अर्धाच उघडत होता. आयलर्ट त्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"ग्रोटिंड?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या टप्प्यावरून परत आलो."

"धुकं?"

"दाट."

"असतं तिथे," आयलर्ट म्हणाला. त्याने खांद्यावर ठेवायला हात उचलला, मग तो मागे घेतला आणि ओडमुंडचा कोट काढून घेतला.

भाषण छोटं झालं. पाव आणि चीजची गोष्ट त्या दिवशी कोणी काढली नाही.

ग्रोटिंडच्या पायथ्याशी एक हवामान केंद्र आहे. त्या दिवसाची तिथली दुपारी दोनची नोंद अशी : आकाश निरभ्र, वारा शून्य, दृश्यता सत्तर किलोमीटर.