पितृपक्षात आलेली बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमधली नव्हे आणि मोटारीतलीही नव्हे. गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज पोटात साठवून घराच्या भिंतीवर बसते, ती मी. वजन अठ्ठेचाळीस किलो, रंग पांढरा, स्वभाव उतावळा. उतावळेपणाची माफी आधीच मागून ठेवते, कारण हे सगळं सांगताना मला अजूनही शांत राहता येत नाही.

माझा जन्म चाकणजवळच्या एका शेडमधला. पोटातले सेल समुद्रापलीकडून आले, पत्र्याची पेटी मात्र इथेच वाकवली. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी सोळा सेल ओळीत बसवले आणि झाकण लावलं. मग मला पोटभर चार्ज केलं, पार रिकामं केलं, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं केलं. ही परीक्षा होती म्हणे. मी पास झाले. मला वाटलं, आता उद्याच कुणाच्या तरी घरात कामाला लागायचं.

कसलं काय. मला टेम्पोत घालून नारायण पेठेत सुहासिनीबाईंच्या दुकानात आणून उभं केलं. दुकान मूळ त्यांच्या सासऱ्यांचं, वायरी आणि बटणांचं. सोलरचा माल ठेवायला सुरुवात सुहासिनीबाईंनी केली. त्यांचं बोलणं मोजकं आणि तिखट. माझ्या डोक्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती, ‘टिचकी मारू नये. टिचकी मारून बॅटरी कळत नाही.’ तरी लोक पाटी वाचून टिचकी मारायचे.

आमच्या जातीला दुकानात फार भरून ठेवणंही सोसत नाही आणि उपाशी ठेवणंही नाही. म्हणून सुहासिनीबाई मला अर्ध्या पोटी ठेवायच्या. अशी मी दहा महिने उभी होते. कुणी आत आलं की मला वाटायचं, हेच माझं घर. माणसं विचारायची, फ्रिज चालेल का, गिझर चालेल का. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्ट चालेल का, असंही विचारलं होतं.

“चालेल की,” सुहासिनीबाई म्हणाल्या, “पहिल्या मजल्यापर्यंत.”

सगळी चौकशी झाली की प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, “घ्यायचीय हो, पण अजून थोडं थांबू.” कुणाला सबसिडीची बातमी यायची होती, कुणाला नवीन मॉडेल हवं होतं, कुणाचा मेहुणा सांगत होता की भाव उतरणार आहेत. माणसांना थांबण्यात एवढं काय सुख मिळतं, ते मला कळत नसे.

आनंद पहिल्यांदा आला तो एप्रिलमध्ये. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात फोन. खराडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी आणि तिथेच चौदाव्या मजल्यावर फ्लॅट. त्याचे आईवडील, गोदाबाई आणि रंगराव, बिबवेवाडीत स्वतःच्या बैठ्या घरात राहत. तिथल्या गच्चीवर त्याने आदल्या वर्षीच्या पाडव्याला पॅनेल बसवली होती. इन्व्हर्टरही नंतर बॅटरी जोडता येईल असा घेतला होता. भिंतीवर माझ्यापुरती जागासुद्धा सोडली होती. हे ऐकून मी हरखून गेले. शहरात एका भिंतीवर माझी जागा तयार होती आणि मी इथे टिचक्या खात होते.

“फक्त बॅटरी राहिलीय मॅडम,” तो म्हणाला, “पण प्राइस ट्रेंड बघा. दरवर्षी खाली येतोय. नेक्स्ट इयरपर्यंत वेट केलं तर बेटर डील मिळेल.” त्याने फोनवर एक आलेख दाखवला. रेघ घसरगुंडीसारखी खाली जात होती.

“वडील ऑक्सिजनच्या मशीनवर असतात म्हणालात ना?”

“हो. विजेवर चालतं ते. लाइट गेली की आई सिलेंडर लावते.”

“मग त्यांनाही नेक्स्ट इयरपर्यंत वेट करायला सांगा,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

आनंद कसनुसा हसला, कार्ड घेतलं आणि गेला. मुलगा वाईट नव्हता. आकड्यांवर त्याचा फार विश्वास होता, एवढंच.

पुढचं मला नंतर त्यांच्याच घरात ऐकायला मिळालं, पण इथेच सांगून टाकते. रंगराव यवतमाळकडचे. चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात आले आणि हडपसरच्या एका फाउंड्रीत फिटर म्हणून लागले. परदेशी कंपन्या आल्या, कारखान्यात नवीन यंत्रं आली, ती रंगराव पुस्तकं न वाचता शिकले. त्या वाढलेल्या पगारातून आनंदचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं. फाउंड्रीतल्या साच्यांची बारीक वाळू मात्र त्यांच्या छातीत राहिली. आता नाकात नळी घालून ते ओट्यावर बसत आणि गल्लीतल्या लोकांच्या इस्त्र्या, मिक्सर, पंखे दुरुस्त करत. पैसे घेत नसत. हातात स्क्रू ड्रायव्हर असला की त्यांना आपला दम आठवत नसे.

अडचण गुरुवारची होती. त्यांच्या भागात दुरुस्तीच्या कामासाठी बऱ्याच गुरुवारी सकाळी दहाला वीज जायची, ती दोन-तीनला यायची. आनंदचं म्हणणं, दोघांनी खराडीला यावं, तिथे जनरेटर आहे. रंगराव म्हणायचे, “चौदाव्या मजल्यावर इस्त्री घेऊन कोण येईन माह्याकडे?” एवढं बोलून ते दम खात बसायचे. पण म्हणणं खरं होतं. ओटा सुटला असता तर त्यांच्याकडे नुसतं आजारपण उरलं असतं.

ऑगस्टमध्ये आनंद आईला घेऊन दुकानात आला. गोदाबाई ठेंगण्या, डोक्यावर पदर, पुण्यात चाळीस वर्षं काढून बोली तिकडचीच. त्यांनी टिचकी मारली नाही. माझ्याकडे बघून सुहासिनीबाईंना विचारलं, “बाई, वरतं पॅनेल हाय, ऊन हाय. मग लाइट गेली का घरातली लाइट काहून जाते?”

“बाहेरची वीज गेली की पॅनेल आपोआप बंद होतात, काकू. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसेल.”

“मग ते ऊन जाते कुठी?”

“कुठेच जात नाही. गच्चीवर पडून राहतं. ते धरून ठेवायला ही लागते.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. अहो, मला काय वाटलं म्हणून सांगू. इतक्या महिन्यांत माझी इतकी नीट ओळख कुणी करून दिली नव्हती.

“मग घेऊनच टाकू,” गोदाबाई म्हणाल्या, “दसऱ्याले. साडेतीन मुहूर्तातला हाय.”

“आई, दसऱ्याला नको, दिवाळीला ऑफर असतात. आणि दिवाळीनंतर तुम्ही खराडीला येणारच आहात. मग बॅटरी लागतेच कशाला?”

सुहासिनीबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “एक जण आलेख बघतोय, एक जण पंचांग बघतंय. बॅटरीकडे बघायला कुणी मोकळं नाही.”

दोघं गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरोखर वाईट वाटलं. भिंतीवरची जागा तर जाणारच होती, शिवाय नाकात नळी घालून इस्त्री दुरुस्त करणारा तो न पाहिलेला म्हातारा माझ्या मनात बसला होता.

मग पितृपक्ष लागला. त्या पंधरवड्यात दुकानात माशीसुद्धा विचारपूस करायला येत नाही. अशा एका शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच रिक्षा थांबली आणि गोदाबाई एकट्या उतरल्या. पदर डोक्यावर नव्हता.

“ही बॅटरी आजच पाहिजे,” त्या म्हणाल्या.

सुहासिनीबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. गोदाबाईंनी पाणी हातातच धरलं.

“काल दहाले लाइट गेली. आनंदच्या बाबाचं मशीन बंद झालं. मी सिलेंडरची चावी फिरवली त हवाच ये ना. अजून जोर लावला. ओठ निळे पडले होते यायचे. बोलता येत नोहोतं, त बोटानं दाखवून राहिले, उलटी फिरव, उलटी. घाबरून मी बंदच करून राहिली होती बाई. शेवटी सरकत सरकत आले अन् यायनंच हात लावला.” त्यांनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. “अन् वरतं इतकं ऊन.”

सुहासिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “काकू, मी आत्ता देते. पण पितृपक्ष आहे. नंतर तुमच्या मनाला लागायला नको.”

“पितरायले सांगतो मी, थोडं थांबा म्हणतो. माह्या घरचं माणूस न्यायची कायची घाई हाय त्याईले?”

मग त्यांनी तिथूनच आनंदला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. महिन्याभरात ऑफर येईल, तसंही आपण शिफ्ट करतोय, असं काहीतरी तो सांगत असावा. आदल्या दिवशीचं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. गोदाबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, “भिंतीले भोकं पाडाले तू येतं, का दुसऱ्याले सांगू?”

तासाभरात आनंद दुकानात हजर होता. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. दुकानातले फिटर श्याम आणि तो, दोघांनी मिळून मला उचललं. पायऱ्या उतरताना ते ओळखपत्र माझ्या पत्र्यावर टक टक आपटत होतं. किमतीचा विषय त्याने काढला नाही.

त्याच दुपारी मी बिबवेवाडीच्या भिंतीवर चढले. रंगराव खुर्ची ओढून समोर बसले होते, आणि नाकात नळी असली तरी काम त्यांच्याच देखरेखीखाली चाललं होतं. “आधी अर्थिंग दाखव,” ते श्यामला म्हणाले. “हा बोल्ट अजून एक आटा फिरव.” सगळं झाल्यावर त्यांनी माझ्या कडेवर तळहात ठेवला आणि विचारलं, “लाइट गेल्यावर किती वेळात पकडते?”

“काका, पापणी लवायच्या आत.”

“पाहू,” रंगराव म्हणाले.

आणि मग वरून ऊन आलं. काय सांगू तुम्हाला. चाकणच्या शेडमधली वीज खांबावरून आलेली होती, दुकानातलीही खांबावरचीच. ही थेट डोक्यावरच्या सूर्याकडून, गच्चीवरून दोन वायरींतून धावत खाली आली. अर्ध्या पोटी उभं राहायची सवय झालेली मी, साठ टक्के झाले, ऐंशी झाले, संध्याकाळपर्यंत तुडुंब भरले. आनंदात असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचा गुरुवार उजाडला. गोदाबाईंचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही. पावणेदहापासूनच त्या सिलेंडरजवळ जाऊन उभ्या राहिल्या, हात चावीवर. चावी कुठल्या बाजूला फिरवायची, त्याचा बाण त्यांनी कुंकवाने सिलेंडरवर काढून ठेवला होता. रंगराव ओट्यावर एका इस्त्रीचं पोट उघडून बसले होते. आनंदही ऑफिसला उशिरा जाणार होता. तो फोन खिशात ठेवून नुसता मशीनकडे बघत होता.

दहा वाजून चार मिनिटांनी वीज गेली. गल्लीतले पंखे थांबले, कुठली तरी पिठाची गिरणी थांबली, समोरच्या घरातला टीव्ही मध्येच गप्प झाला. मी पकडलं. मशीनची घरघर एका क्षणासाठीही तुटली नाही.

समोरच्या घरातल्या मथुराबाईंनी हाक मारली, “अहो, तुमच्याकडेही गेली का?”

रंगरावांनी इस्त्रीतून मान वर केली. “काय गेली?”

गोदाबाईंनी चावीवरचा हात काढला आणि त्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या. रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. आनंद त्यांच्याशेजारी फरशीवर बसला. नंतर त्या घरात खराडीला जाण्याचा विषय निघाला नाही.

दिवाळीत माझ्यासारखीच बॅटरी खरंच स्वस्त झाली. आनंदचा आलेख खोटा नव्हता, हे मी मान्य करते. पुढच्या वर्षी ती आणखी स्वस्त होईल, आणि मीही दहा-बारा वर्षांनी थकेन. तरी तुम्हाला एक विनंती आहे. बॅटरी कधी घ्यायची हे ठरवताना आलेख बघा, पंचांगही बघा, पण वीज गेल्यावर तुमच्या घरात कुणाचा हात कशावर असतो, तेही एकदा बघून घ्या.

आता मला सोडा. ऊन चढलंय, ओट्यावर कुणीतरी मिक्सर आणून ठेवलाय, आणि आज गुरुवार आहे.