कुलपातला देव

"देवाक इचारल्याशिवाय मी हो म्हणूचंय नाय," जानकी तव्यावरची पोळी उलटत म्हणाली.

"आणि देव कुलपात आसा, त्याचा काय?" काउंटरच्या पलीकडून दशरथने विचारलं.

मी भाजीच्या पिशव्यांना रबर लावत होते. मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. दोघं साठीला टेकलेली, दोघांचे जोडीदार देवाघरी गेलेले, आणि लग्न अडलंय कशावर? तर गावच्या देवळाच्या कुलपावर!

दिंडोशीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, माझं आणि जानकीचं. दशरथ लिफ्ट दुरुस्त करायचा, रिटायर झाल्यावर इथे मुलाकडे, निलेशकडे राहायला आला. सून-मुलगा दोघं नोकरीला, म्हणून दुपारचा डबा आमच्याकडून. पहिल्या दिवशी डबा न्यायला आला आणि जानकीला बघून तसाच उभा राहिला. हिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. मी म्हटलं, हे काय नवीन?

नवीन काही नव्हतं. दोघं सिंधुदुर्गातल्या एकाच गावची. तरुणपणी लग्न करणार होती, घरचेही तयार होते. त्यांच्याकडची रीत म्हणजे ग्रामदेवाला कौल लावायचा. गुरव मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या लावतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. डावीकडची पडली. संपलं. ही लग्न होऊन मुंबईला आली, त्यानेही दुसरीशी संसार केला.

आता दशरथ पुन्हा विचारत होता, आणि ही म्हणत होती, ज्या देवाने नको म्हटलं त्यालाच परत विचारायचं. पण पालखीचा पहिला खांदा कोणाचा, यावरून गावातल्या दोन मानकऱ्यांची जुंपली होती. प्रकरण कोर्टात आणि देवळाला कुलूप.

"दुसऱ्या देवाक लावूया कौल," दशरथ म्हणायचा. "देव काय एकच आसा?"

"नकार त्याचो. होकार पण त्याचोच होयो."

"दहिसरला खोली बघून ठेवलीय गो. गॅलरी आसा. तुका तुळस लावूक."

यावर ही पुढची पोळी लाटायला घ्यायची. पण त्याच्या डब्यात सोलकढीची बाटली रोज जायची. ती आमच्या मेन्यूत नव्हतीच.

एकदा मी तिला चांगलंच झापलं. "तू काय देवाची वकील आहेस गं? कोर्टाच्या तारखा पडत राहणार आणि तू म्हातारी होत बसणार. इतकी वर्षं एकटी काढलीस, आता माणूस दारात उभा आहे तर त्याला रांगेत उभं करतेस?"

ती कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "क्षमा, मला भीती वाटते. देवाला डावलून लग्न केलं आणि दशरथला काही झालं, तर ते माझ्यामुळेच झालं असं वाटेल ना मला? कशी जगू मग? माझं प्रेम आहे गं त्याच्यावर. म्हणून तर थांबलेय."

ती चुकत होती हे मला दिसत होतं, पण तिच्या डोळ्यांतलं पाणीही दिसत होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी दशरथ चहा घेऊन खुर्चीत बसला तो उठलाच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आम्ही दोघी गेलो. निलेशच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका आत, आणि जानकी सगळ्यांच्या मागे, चपलांच्या ढिगाजवळ. तिला पुढे जा म्हणणार कोण, आणि कोणत्या नात्याने? उचललं तेव्हा तिने फक्त भिंत धरली. स्मशानातून परतल्यावर निलेशने बिचाऱ्याने आमच्यासमोर हात जोडले. त्याला काय ठाऊक?

"काकी, उद्यापासून डबा नको हां," तो म्हणाला.

"बरं," जानकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर. मी म्हटलं, घरी जा बाई, रडून घे.

"मी कोण लागते त्याची, सुट्टी घ्यायला?"

तिने पोळ्या लाटल्या. एकही जळली नाही. मला मात्र दिवसभर भाजीत मीठ कळेना.

आणि बघा, त्याच आठवड्यात गावच्या मानकऱ्यांची तडजोड झाली! कुलूप निघालं. दिंडोशीतल्या गावकऱ्यांना केवढा आनंद. त्यांच्या गावमंडळाच्या हॉलमध्ये सत्यनारायण घातला, गावाहून देवाचा प्रसाद मागवला. मला तर त्या देवाला समोर उभं करून दोन शब्द ऐकवावेसे वाटत होते. मेल्या, आठ दिवस आधी दार उघडलं असतंस तर तुझं काय गेलं असतं?

मंडळाचा सेक्रेटरी शिवदास जानकीला बोलवायला केंद्रावर आला. नाही म्हणता येईना. गेलो दोघी. हॉल भरलेला, सगळा गाव तिथे, तिला लहानपणापासून ओळखणारी माणसं. निलेशच्या घरचं अर्थातच कोणी नव्हतं. आम्ही दारातच उभ्या होतो. शिवदास प्रसादाचं ताट घेऊन आमच्याकडे आला.

"घे गो जानकी. आपल्या देवाचो प्रसाद. किती वाट बघलंस!"

जानकीने हात पुढे केला आणि मागे घेतला. दोन्ही हात पदराखाली नेले.

"माका चलाचो नाय," ती म्हणाली. "माका सुतक आसा."

"सुतक? कोणाचा?"

"दशरथचा."

आवाज चढवला नव्हता तिने, पण आजूबाजूच्या सगळ्या माना वळल्या. कोणीतरी बाई दुसरीच्या कानाशी लागली. मला वाटलं, आता हा शिवदास काहीतरी बोलणार, हसणार, नाहीतर नातं विचारणार. मी पदर खोचून तयारच होते.

शिवदास तिच्याकडे बघत राहिला. मग तो दोन पावलं मागे सरला आणि ताट तिच्यापासून लांब धरलं, सुतकातल्या माणसापासून धरतात तसं.